लेकरं तोलणाऱ्या बाई

"वो माय! पोट्टं तोलून राह्यली हे बाई! इकते का काय?"

मुकुटबनला एक म्हातारी अशी किंचाळली आणि बघता बघता निम्मं गाव गोळा झालं. कडुनिंबाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगलेला, काट्याला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत पाच वर्षांचा एक मुलगा मजेत झोके घेतोय, आणि आमच्या बाई डोळे बारीक करून आकडा वाचतायत! आमच्या भागात काट्याला लागतो कापूस, नाही तर गूळ. काट्यावर चढलं ते विकलं गेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोनचार गडी पुढं सरकले. मी बाईंचा पदर ओढला, म्हटलं, "बाई, काटा काढा, पळू या."

"का बरं?" बाई म्हणाल्या. मी कारण सांगितलं. त्यावर त्या टाळी वाजवून हसल्या. "असं आहे होय! मग आधी मला तोला!" आणि चपळाईनं मुलाला उतरवून स्वतःच झोळीत बसल्या. फांदी करकरली, काटा टोकाला जाऊन अडकला, बाईंचे कॅनव्हासचे पांढरे बूट धुळीत घासले गेले आणि सगळं पटांगण खदखदून हसलं. अर्ध्या तासानं तीच म्हातारी आपला नातू कडेवर घेऊन उभी. "आमच्यावाल्याले बी तोल ना वो बाई. सून म्हन्ते वाळला, मी म्हन्तो नाई."

तर अशा आमच्या बाई. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची ती दोन-अडीच वर्षं. मी मूळची बाभुळगावची, नुकतीच मॅट्रिक झालेली, यवतमाळच्या एका बालगृहात लेखनिक म्हणून लागले होते. ज्यांना कोणी नाही अशी मुलं तिथं यायची. ज्यांना होते, पण त्यांनीच उपाशी ठेवलं, मारलं, हात मोडला, अशीही यायची. त्यातली काही मुलं बालगृह खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांना सांभाळायला द्यायचं. दिलं की संपलं. त्या लेकरांचं पुढं काय झालं, हे कोणी विचारत नसे. विचारायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं!

बाई पुण्याकडच्या, एम. ए. झालेल्या, वर मुंबईत समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं. वय चाळिशीच्या अलीकडचं. त्या बालगृहाच्या नोकरीवर आल्या, पण एक प्रश्न घेऊनच यवतमाळला उतरल्या. घरच्यांनीच छळलेलं मूल दुसऱ्याच्या घरात बरं होतं का? आणि होत असेल तर कसल्या घरात? याला त्या 'शोध' म्हणायच्या. बालगृह चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष वकील होते, ते याला 'रिकामा धंदा' म्हणायचे. मला विचाराल, तर माझ्या आयुष्यात त्यापेक्षा भारी काम मी केलेलं नाही. केळापूरपासून बाभुळगावपर्यंत आम्ही मोटरीनं, बंडीनं, पायी हिंडलो. घरी परत आले की अंगात नुसतं वारं भरलेलं असायचं, झोप यायची नाही. आई म्हणायची, "कायले एवढी हरखून राह्यली वो?" तिला काय सांगणार, की आज एका पोरानं सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवलं!

बाई प्रत्येक मुलाला 'आपण' म्हणायच्या. चार वर्षांच्या गंप्याला म्हणायच्या, "गणपतराव, आपण कुठं झोपता?" आमच्याकडं कलेक्टरलासुद्धा मनातल्या मनात 'तू' म्हणतात, तिथं हे ऐकून सगळे फिदीफिदी हसायचे. पण गंप्या हसला नाही. तो छाती पुढं काढून म्हणाला, "मी मायजवळ झोपतो." बाई बंडीच्या बैलांनाही 'अहो' म्हणायच्या, तेव्हा त्यात मुलांना फार काही मिळत होतं अशातला भाग नाही. पण मुलांना ते माहीत नव्हतं.

त्या दोन पेनं वापरायच्या. डोळ्यांनी दिसलं ते निळ्या शाईनं, आपल्याला वाटलं ते तांबड्या शाईनं. माझ्याकडून चुकून निळ्यात 'बिचारी' असा शब्द गेला, तर त्यांनी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावलं. "बिचारी तुला दिसली का? मला दाखव कुठं दिसली." असल्या वेळी त्यांचा इतका राग यायचा!

आणि त्यांची नजर! बोलता बोलता त्या एकदम हात वर उचलून अंबाड्यातली पिन नीट करायच्या. मला आधी वाटलं, खोड आहे. एक दिवस म्हणाल्या, "तू माझ्याकडं काय बघतेस? मुलाकडं बघ." मग कळलं. मार खाल्लेलं मूल जवळ हात उचलला की मान आत ओढतं. ते त्याच्या हातातच नसतं. आठ महिन्यांनी पुन्हा पिन नीट करायची. मान हलली नाही, की बंडीत बसल्यावर बाई माझ्या पाठीत धपाटा घालायच्या आणि ओरडायच्या, "नाही हलली! बघितलंस? नाही हलली!"

पण त्यांचा खरा शोध होता भाकरीचा. आमच्याकडं नवीन आलेली मुलं अंथरुणाखाली भाकरीचे तुकडे लपवायची. त्याला आम्ही चोरी म्हणायचो, अधीक्षक तर छड्याही द्यायचे. बाईंनी आल्या आल्या छडी बंद केली आणि मला कामाला लावलं. रोज सकाळी प्रत्येकाची वाकळ उचलायची, तुकडे मोजायचे, काही बोलायचं नाही, तुकडे तिथंच ठेवायचे. "उद्या मिळेल याची खात्री ज्याला नाही, तोच आज लपवतो," बाई म्हणाल्या. "लपवणं थांबेल तो दिवस लिहायचा. तो त्या मुलाचा घरी पोचल्याचा दिवस." पुढं प्रत्येक घरी आमचा पहिला प्रश्न तोच. "लेकरू भाकर लपवते का? कवापासून नाई लपवत?" आणि आयाबायांना ते बरोबर माहीत असायचं! पोळ्यापासून, संक्रांतीपासून, गाय व्याली तवापासून. मी लिहीत जायचे आणि माझ्या अंगावर काटा उभा राहायचा. छडीनं, आकड्यानं, डॉक्टरच्या नळीनं जे कळलं नव्हतं, ते ह्या बाईनं भाकरीच्या तुकड्यावरून पकडलं होतं!

या डोळ्यांपुढं भले भले उघडे पडले. एका बड्या आसामीच्या घरी मुलगा गोबरा, कपडे कोरे, वजन उत्तम. घरमालकीणबाईंनी आम्हाला चहा, चिवडा दिला. बाईंनी मुलाला विचारलं, "आपलं ताट कुठलं?" मुलगा गोठ्याकडं गेला आणि गव्हाणीच्या मागून एक जर्मनची थाळी घेऊन आला. घरातल्या भांड्यांत ती ठेवतच नव्हते. बाईंनी चहा खाली ठेवला, मुलाचं बोट धरलं आणि सरळ मोटर स्टँड गाठला. मी मागून धावतेय, घरमालक ओरडतोय, आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! वाटलं, ह्या बाईचं कधी चुकायचंच नाही.

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

चंद्री सात वर्षांची. ती आमच्याकडं आली तेव्हा तिचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं आणि ती टेबलाखाली झोपायची. बाजारात एका तांड्यावरच्या जमनाबाईनं तिला पाहिलं. जमनाला मूल नव्हतं. बाभुळगावच्या पुढं तीन कोसांवर तिचा तांडा. पूर्वी बैलांवर माल वाहणारी माणसं, आता शेती करून स्थिरावलेली. जमना तीनदा बालगृहात आली, बाहेरच्या ओट्यावर बसून राहिली. वकीलसाहेब म्हणाले, "तांड्यावर? छे!" बाई त्यांच्याशी दोन तास भांडल्या आणि चंद्रीला तांड्यावर दिलीच.

आणि काय सांगू तुम्हाला! सहा महिन्यांनी गेलो तर पोरगी ओळखू येईना. वजन वाढलेलं, केसांना तेल, आणि जमनाला ती तांड्याच्या बोलीत 'याडी' म्हणायला लागलेली. याडी म्हणजे आई. भाकर लपवणं दिवाळीलाच थांबलं होतं. बाई त्या दिवशी बंडीत बसल्याच नाहीत, बैलांच्या पुढं पुढं उड्या मारत चालत होत्या.

वर्ष भरलं तेव्हा पुन्हा गेलो. बाईंनी चंद्रीला तोलायला उचललं आणि झगा वर सरकला. पोटावर, बेंबीच्या भोवती, पाच गोल काळे चटके. ताजे.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "हे कोणी केलं?"

जमना समोरच होती. चुलीपुढून उठून आली, हात पुसले आणि म्हणाली, "मीनंच केलं."

लपवाछपवी नाही, डोळे खाली नाहीत. बाईंनी पुढं काही विचारलं नाही. चंद्रीला झग्यासकट उचललं आणि बंडीत बसवलं. पोरगी किंचाळत होती, "याडी! याडी!" आणि बाई म्हणत होत्या, "चंद्राबाई, आपण शांत व्हा, आता कोणी मारणार नाही." जमना बंडीच्या चाकाला धरून चालत राहिली. तिचा नवरा वावरातून धावत आला, पण बाईंच्या हातातला सरकारी शिक्क्याचा कागद पाहून तो थांबला. आमच्याकडं शिक्का पाहून माणसं थांबतातच.

आता माझं ऐका. आमच्या भागात लेकराचं पोट फुगलं, डबा झाला, की माय बिब्बा तापवून पोटावर चटके देते. सगळ्याच जातीत देतात. शिक्षा नाही ती, औषध आहे ते. वाईट औषध, अघोरी औषध, पण देणारी माय स्वतः रडत रडत देते. यवतमाळ जिल्ह्यात हे कोणाला सांगावं लागत नाही, म्हणूनच जमनानं सांगितलं नाही. 'मीनंच केलं' म्हणजे मी लेकराकडं दुर्लक्ष केलं नाही, असं ती सांगत होती. बाईंना ते कुठून कळणार? त्यांच्या पुण्यात चटका म्हणजे चटकाच.

आणि मला कळत होतं! पहिल्या नजरेत कळलं होतं. त्याच्याही आधी, जमनानं चंद्रीच्या केसातली काडी काढायला हात उचलला तेव्हा पोरीची मान हलली नव्हती, हेही मी पाहिलं होतं. तरी मी गप्प बसले. का? लाज, दुसरं काय! आदल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, "तू इथल्यांसारखी नाहीस, तुझी नजर शास्त्रीय आहे." मी त्या शब्दांवर आठ दिवस तरंगत होते. आता कोणत्या तोंडानं सांगू, की बाई, हे आमच्याही घरात चालतं? बाईंनी तांबड्या शाईनं लिहिलं, 'शिक्षा म्हणून दिलेले चटके', आणि ते मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. माझ्याच हातानं. तो विचार आला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बालगृहात वकीलसाहेबांनी चंद्रीला सगळ्या सभासदांपुढं उभं केलं. "मी म्हणत होतो ना, तांड्यावर मूल देऊ नका?" बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

चटके भरत आले. महिना होत आला. चंद्रीचं लपवणं थांबल्याचं लिहिलेलं होतं, म्हणून रोजच्या मोजणीत मी तिची वाकळ उचलत नसे. एक दिवस सकाळी सगळ्याच वाकळा उन्हात टाकत होते, चंद्रीचीही उचलली. खाली भाकरीचे सात तुकडे. काही बुरसटलेले, काही कालचे.

मी ते पदरात घेतले आणि धावत बाईंच्या खोलीत गेले. टेबलावर ओतले. म्हटलं, "चंद्रीचे."

बाईंनी तुकडे मोजले, पुन्हा मोजले. "पण हिनं तर दिवाळीलाच थांबवलं होतं. तिथं, त्या घरात..." आणि त्या थांबल्या. त्यांचाच शोध त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला होता. मूल घरी होतं, आणि त्यांनी त्याला घरातून उचलून आणलं होतं.

मग माझा बांध फुटला. दार लावलं, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि लुगड्याचा घोळ जरा खाली ओढून पोट दाखवलं. माझ्या पोटावर चार डाग आहेत. तीन वर्षांची असताना माझ्या आईनं दिलेले. "मले बी देल्ले बाई," मी म्हटलं. बाईंपुढं आजवर जपलेलं शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेलं. "माय रडे आन देये. डबा झालता मले. जमनानं मारलं नाई पोरीले, जीव वाचवाले गेली थे. मले तवाच समजलं होतं. मी बोलली नाई."

मला वाटलं, आता हाकलून देतील. बाईंनी मला जवळ ओढून घेतलं आणि त्या भडाभडा रडल्या. मीही रडले. रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "मी तिला एवढं एकच का नाही विचारलं गं, 'का केलंत' म्हणून?"

लगेच तरातरा चालत वकीलसाहेबांकडं. मी मागं.

"मुलगी परत द्यायची आहे," बाई म्हणाल्या.

"सभा पुढच्या महिन्यात आहे. आणि सभा नाही म्हणेल."

"मी तिला आणलं माझ्या सहीनं. नेईनही माझ्या सहीनं."

"नोकरी जाईल तुमची, बाई."

"ती माझी आहे ना? जाऊ द्या." आणि गेलीच, दोन महिन्यांनी. पण त्या दिवशी त्यांच्या चालीत असा जोर होता, की मला त्यांच्याबरोबर पळावं लागत होतं. आम्ही तांड्यावर जायला बंडी ठरवायला निघालो, तर दारावरचा शिपाई म्हणाला, "तांड्यावर कायले जाता? ते बाई तं दर बाजाराले येते इथं. फाटकापाशी उभी राह्यते. मी हाकलून देतो."

बाई मागं वळल्या. "दर बाजाराला?"

"हौ. चार बाजार झाले."

पाचव्या बाजाराचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. दिवस उगवायच्या आत बाई चंद्रीला घेऊन फाटकाबाहेर उभ्या. मी शेजारी. बाई सारख्या टाचा उंचावून रस्त्याकडं बघत होत्या, मला म्हणत होत्या, "येईल ना? आज नेमकी नाही आली तर?"

आली! लांबूनच तिची आरशांची ओढणी चमकली. पण तिनं बाईंना पाहिलं आणि जागच्या जागी वळली, झपाझप मागं निघाली. तिला वाटलं, आता पोलिसात देतात. बाई पांढरे बूट वाजवत तिच्यामागं पळत सुटल्या, "अहो, थांबा! अहो जमनाबाई!" जमना आणखीनच जोरात. तेवढ्यात चंद्रीनं माझा हात हिसडला आणि रस्त्यावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, "याडीऽऽ!"

जमना थांबली. पोरगी जाऊन तिच्या पायांना आदळली. जमनानं सगळ्यात आधी काय केलं असेल? झगा वर करून पोट पाहिलं. दाबून पाहिलं. "दुखते का?" पोरीनं 'नाही' अशी मान हलवली. मग जमनानं तिला छातीशी असं धरलं, की दोघींचा श्वास कोंडला असेल.

बाई धापा टाकत पोचल्या. सगळं सांगितलं. चूक माझी. चटके पुन्हा देऊ नका, पोट दुखलं तर मला कळवा, मी डॉक्टर घेऊन येते, पण तुम्ही मारलं असं मी समजले ती माझी चूक. मग कागद पुढं केला. मुलगी परत मिळाल्याचा. "इथं अंगठा द्या म्हणजे झालं."

जमना दोन पावलं मागं सरली. "नाई देत."

"अहो, मुलगी तुमचीच..."

"पोट्टी देल्ली तवा अंगठा घेतला. अंगठा देऊन बी तुमी घेऊन गेल्या. मंग त्या अंगठ्याचं काय झालं? आता मी नाई देत. आता तुमी द्या."

मी बाईंकडं पाहिलं. एम. ए. झालेली बाई, दोन पेनांची बाई. बाईंनी कागद उलटा केला, तिथंच फाटकाच्या दगडावर ठेवला आणि निळ्या शाईनं लिहिलं, 'ही मुलगी मी चुकीनं नेली. तिच्या आईला विचारल्याशिवाय पुन्हा नेणार नाही.' जमनाला वाचून दाखवलं. मग सही न करता पेनाची शाई स्वतःच्या अंगठ्यावर ओतली आणि कागदावर टेकवणार, तोच जमनानं त्यांचं मनगट धरलं.

"उजवा नाई वो बाई," ती म्हणाली. "उजव्याचा चालत नाई. डाव्या हाताचा लागते."

बाई म्हणाल्या, "बरं," आणि डावा हात पुढं केला. जमनानं त्यांचा अंगठा आपल्या बोटांत धरला, उजव्या अंगठ्यावरची शाई त्याला नीट चोपडली, आणि हलू नये म्हणून वरून दाबून कागदावर उमटवला.